डुकराच्या माथी मारलेला जंत

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गाव कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते हे अनेक ठिकाणी नेमके सांगता येत नाही, आणि त्यामुळे पट्टकृमी या परजीवीला जगण्यासाठी लागणारी सगळी मंडळी, म्हणजे शेळी, डुक्कर, कुत्रा, गावरान कोंबडी, चितळ, रानकुत्रा आणि माणूस, तेथे एकाच शिवारात नांदतात. पट्टकृमी हा चपटा, अनेक खंडांचा जंत असून त्याला तोंडही नसते आणि आतडेही नसते. ज्याच्या पोटात तो राहतो त्याने पचवलेले अन्न तो अंगाच्या पृष्ठभागातूनच शोषून घेतो. ज्याच्या आधारावर परजीवी जगतो त्या प्राण्याला पोषक म्हणतात, आणि बहुतेक पट्टकृमींना असे दोन पोषक लागतात: एकाच्या आतड्यात प्रौढ जंत वाढून अंडी सोडतो, तर दुसऱ्याच्या मांसात किंवा अवयवांत त्या अंड्यांतून निघालेली अळी पाण्याने भरलेल्या पिशवीच्या, म्हणजे पुटीच्या, रूपात दबा धरून बसते. पहिल्याने दुसऱ्याला खाल्ले की चक्र पुरे होते.

हे चक्र उघड्या डोळ्यांनी पाहायचे तर आठवडी बाजारातले मटणाचे दुकान पुरेसे आहे. बोकड सोलून पोट फाडले की आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला किंवा यकृताला कधी कधी दोन-चार सेंटीमीटरची, पारदर्शक, पाण्याने टचटचीत भरलेली पिशवी लोंबताना दिसते, आणि तिच्यात जो पांढरा ठिपका असतो तो म्हणजे आत वळून बसलेले जंताचे डोके. खाटीक ती पिशवी बोटाने ओढून काढतो आणि समोर वाट पाहत बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. काही आठवड्यांत त्या कुत्र्याच्या आतड्यात टिनिया हायडॅटिजेना हा जंत पूर्ण वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेबरोबर बांधावरच्या गवतावर पडतात आणि तेच गवत दुसरी शेळी खाते.

हा विशिष्ट जंत माणसाच्या वाटेला जात नाही, परंतु त्याच वाटेने चालणारा एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस मात्र जातो. कुत्र्याच्या आतड्यातला हा प्रौढ जंत जेमतेम दोन ते सात मिलीमीटर लांबीचा असतो. पण त्याचे अंडे माणसाच्या पोटात गेले तर यकृतात किंवा फुप्फुसात जी हायडॅटिड पुटी तयार होते ती वर्षानुवर्षे सावकाश वाढत राहते, आणि फुटलीच तर शरीराची तीव्र प्रतिक्रिया होऊन जीवावर बेतू शकते. याच कुळातला टिनिया मल्टिसेप्स शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत पुटी करतो आणि मग शेळी मान कलती ठेवून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, ज्याला पुष्कळदा विषबाधा समजले जाते.

जंगलातही हाच खेळ चालतो. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात रानकुत्र्यांचे कळप चितळ मारतात. कुत्र्याच्या कुळातले मांसाहारी प्राणी आणि खुरांचे शाकाहारी प्राणी या जोडीवर जगणाऱ्या पट्टकृमींना गावातला कुत्रा आणि रानातला कुत्रा यांत फारसा फरक करण्याचे कारण नसते. बफर क्षेत्रातली गुरे रानात चरतात, गावकुत्री रानात शिरतात, आणि त्यामुळे जंत रानातून गावात आला की गावातून रानात गेला हा वाद निरर्थक ठरतो. गावरान कोंबड्यांचे पट्टकृमी, जे मुंग्या आणि भुंगेऱ्यांमार्फत पसरतात, त्यांचा उपद्रव मुख्यतः कोंबडीपुरताच राहतो.

माणसाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर जंत म्हणजे टिनिया सोलियम. माडिया आणि गोंड आदिवासींच्या गावांत डुक्कर हे घरचे जनावर आहे. ते दिवसा मोकळे फिरते, आणि पंडुमात म्हणजे सणात, तसेच लग्नकार्यात त्याच्या मांसाला मान असतो. डुकराच्या स्नायूंत या जंताच्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पुटी असू शकतात, आणि असे मांस निखाऱ्यावर अर्धवट भाजून खाल्ले तर माणसाच्या आतड्यात दोन ते सात मीटर लांबीचा जंत वाढतो. फ्रीड्रिश क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्याने ही गोष्ट १८५५ मध्ये सिद्ध केली, आणि तीही आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही अशा रीतीने: देहदंड झालेल्या कैद्याला त्याने पुटी असलेले मांस खाऊ घातले आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले.

येथपर्यंतचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, आणि घोटाळा येथेच होतो. आतड्यातला जंत सहसा फारसा त्रास देत नाही. घात होतो तो मेंदूतल्या पुटीमुळे, आणि मेंदूतली पुटी डुकराचे मांस खाऊन होत नाही. ती होते जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी फक्त माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. जंताच्या एकेका पक्व खंडात सुमारे ५० हजार अंडी असू शकतात. ज्याच्या पोटात जंत आहे त्याने हात न धुता भाकरी थापली किंवा त्याच्या विष्ठेचा अंश भाजीपाल्यावर, पाण्यात आला, तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणाच्याही मेंदूत पुटी होऊ शकते, मग ती व्यक्ती जन्मभर माळकरी का असेना. डुकरालाही पुटी मिळते ती माणसाचीच विष्ठा खाऊन. दोष द्यायचाच झाला तर डुकरापेक्षा माणसाचा क्रमांक आधी लागतो.

मेंदूतल्या या रोगाला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात आणि त्याचे प्रमुख लक्षण म्हणजे फिट, फेफरे किंवा मिरगी. संसर्ग आणि पहिला झटका यांत वर्षे जाऊ शकतात: डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये ब्रिटनमधील ज्या ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला त्यांतले बहुतेक भारतात नोकरी केलेले सैनिक होते, आणि अनेकांना मायदेशी परतल्यावर कित्येक वर्षांनी झटके सुरू झाले. हा रोग मूळ धरून असलेल्या प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हाच जंत असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गडचिरोलीत निदानाची गुंतागुंत आणखी वाढते, कारण तेथे ताप आणि झटके एकत्र दिसले की मेंदूच्या मलेरियाची शंका प्रथम घेतली जाते, आणि ती घेतलीही पाहिजे. मात्र ताप नसताना धडधाकट तरुणाला एकाएकी झटका आला तर मेंदूचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागते, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात वरचेवर तुटणाऱ्या भामरागडच्या रुग्णाला ते सहजासहजी मिळत नाही. मग उपचारासाठी गावच्या पुजाऱ्याकडे जाण्यात रुग्णाच्या कुटुंबाचा अडाणीपणा शोधणे हा शहरी उद्धटपणाच म्हणावा लागेल.

प्रतिबंधाच्या बाबतीत सरकारी योजनांचा हिशोब अपुरा पडतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेन्डाझोलची जी एक गोळी दिली जाते ती मातीतून पसरणारे गोलकृमी आणि अंकुशकृमी डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते; टिनियावर त्या एका मात्रेचा भरवसा धरता येत नाही. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, पण मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून रानात असणाऱ्या माणसाला घरच्या शौचालयाचा उपयोग तो काय? डुकरांसाठी टीएसओएल१८ या प्रतिजनावर आधारलेली लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने २०१६ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्या जोडीला ऑक्सफेन्डाझोल हे जंतनाशक दिले तर डुकराच्या मांसातल्या पुटीही मरतात. अडचण पैशाची आहे: पुटी असलेले डुक्कर आजारी दिसत नाही, म्हणून पाळणाऱ्याला लसीवर खर्च करण्याचे काही कारणच दिसत नाही. हा खर्च पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी मिळून उचलण्याचा आहे, कारण लस टोचायची डुकराला असली तरी वाचणार आहे माणसाचा मेंदू. बाजारातल्या कापलेल्या जनावरांचे टाकाऊ अवयव कुत्र्यांना न घालता खोल पुरणे याला तर लसीचाही खर्च नाही.

शौचात पांढरे, चपटे तुकडे दिसले तर ती गोष्ट लाजेने दडवू नये. आशा कार्यकर्तीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावी, कारण आतड्यातला जंत निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वान्टेलच्या एका मात्रेने सहसा जातो. पूर्वी कधी फिट आली असेल तर मात्र ते औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे, कारण प्राझिक्वान्टेलने मेंदूतल्या पुटी मरू लागल्या की भोवती सूज येऊन झटका येऊ शकतो.