गर्दीच्या बाजारातले रिकामे दालन

जोडीदार शोधून देणारी संकेतस्थळे आणि ॲप आज इतकी झाली आहेत, की आणखी एकाची गरज कोणाला, असा प्रश्न सहज पडतो. तरीही नवी येत राहतात. त्यांतली मोजकीच का तगतात याचा मागोवा घेताना मला असे दिसले, की नवागताची पहिली लढाई प्रतिस्पर्ध्यांशी नसते. ती स्वतःच्या रिकाम्या दालनाशी असते.

किराणा दुकान एका गिऱ्हाइकासाठीही उघडता येते. इथे मात्र गिऱ्हाईक हाच माल. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला भेटण्याजोगे कोणी दिसले नाही, तर तो परत फिरकत नाही. आणि तो नाही म्हणून पुढच्यालाही कोणी दिसत नाही. सभासद वाढले की सेवेचे मोल वाढते, याला अर्थशास्त्रात ‘नेटवर्क परिणाम’ म्हणतात. तो जुन्या संस्थेला तारतो आणि नवीला मारतो. शिवाय भेट शेवटी कुठल्या तरी एका गावातच व्हायची असते. त्यामुळे देशभर विखुरलेल्या लाखभर नावांपेक्षा एका शहरातली काही हजार नावे अधिक कामाची ठरतात.

पुष्कळांची भिस्त जुळणीच्या सूत्रावर असते. मानसशास्त्रज्ञ नील क्लार्क वॉरन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ईहार्मनीची ओळखच तिची लांबलचक प्रश्नावली ही होती. मात्र एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अशी सूत्रे इतर मार्गांपेक्षा चांगली जोडपी जुळवतात याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना आढळला नाही. म्हणजे केवळ ‘आमचे गणित सरस’ एवढ्यावर दालन भरत नाही.

ते भरले वेगळ्याच वाटांनी. ओकेक्युपिड २००४ मध्ये आले, तेव्हा मॅच डॉट कॉम सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. पण ओकेक्युपिडच्या संस्थापकांनी त्याआधी गमतीदार चाचण्यांचे संकेतस्थळ चालवले होते. चाचण्यांसाठी लोक कसे जमतात हे त्यांना ठाऊक होते, आणि सेवा त्यांनी विनामूल्य ठेवली. टिंडरने २०१२ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांची आवारे धरली. व्हिटनी वुल्फ आधी विद्यार्थिनींच्या संघटनांकडे जात आणि मग विद्यार्थ्यांच्या. मुली आधीच आत आहेत म्हटल्यावर मुलांना समजवावे लागत नसे. याच वुल्फ यांनी टिंडर सोडल्यावर २०१४ मध्ये बंबल काढले. त्यात स्त्री-पुरुष जुळणीत पहिला संदेश स्त्रीनेच पाठवायचा, असा नियम होता. नको त्या संदेशांच्या भडिमाराला कंटाळलेल्या स्त्रियांना दार बदलायला तेवढे कारण पुरले.

तिन्ही उदाहरणांत वर्तुळ आधी लहान केले गेले आणि मग वाढवले गेले. आपल्याकडच्या विवाहस्थळांनीही तेच केले. अमेरिकेत राहणाऱ्या मुरुगवेल जानकीरामन यांनी १९९७ मध्ये तमिळ भाषकांसाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यातल्या विवाहविषयक विभागालाच मागणी दिसली आणि त्यातून भारतमॅट्रिमनी उभे राहिले. मराठीसह प्रत्येक भाषेचे दालन वेगळे झाले, आणि पुढे जातींचीही झाली. हाच मुद्दा मला अस्वस्थ करतो. दालन लवकर भरायचे तर भिंती जवळ आणाव्या लागतात, आणि आपल्या समाजात आयती उभी असलेली भिंत जातीची आहे. ज्ञातीच्या वधू-वर सूचक मंडळांनी ती जपली, संगणकाने तिला शोधाच्या चौकटीत बसवले. व्यवसायाच्या हिशोबाने हे बरोबरच ठरते.

या धंद्यात आणखी एक पेच आहे. काम फत्ते झाले की एकदम दोन ग्राहक जातात. म्हणून जोडपी जुळवणे आणि माणसे धरून ठेवणे या दोन ओढी कायम एकमेकींविरुद्ध असतात. त्यातच बाजार दिसतो तितका खुलाही नाही. टिंडर, ओकेक्युपिड, हिंज आणि प्लेन्टी ऑफ फिश ही चारही नावे एकाच मॅच ग्रुपच्या मालकीची आहेत. ओकेक्युपिड २०११ मध्ये पाच कोटी डॉलरना विकले गेले. प्लेन्टी ऑफ फिशसाठी २०१५ मध्ये साडेसत्तावन्न कोटी मोजले गेले. यशस्वी नवागत बहुधा जुन्याच घरात नांदायला जातो.

त्यामुळे नव्या संस्थेची जाहिरात दिसली, की तिच्या सूत्राची चौकशी मी नंतर करतो. आधी पाहतो, की तिचे पहिले हजार सभासद कुठून येणार आहेत आणि त्यांच्याभोवती भिंत कसली असणार आहे.