सड्यावरचं चार बोटं पाणी

मे महिन्यात आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, अनवाणी पाय टेकवत नाही. जांभा तापलेला, गवत करपलेलं, पाण्याचा टिपूस नाही. मग वळवाच्या दोन-तीन दमदार सरी होतात, कातळातल्या खळग्यांत चार बोटं पाणी साचतं आणि दगडांच्या आडोशाला दडून राहिलेले आंबोली टोड बाहेर पडतात.

हा भेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघ आला : झॅन्थोफ्राइन टायगरिना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली. त्याचा भाऊबंद कोयना टोड १९६३मध्येच कोयनेजवळच्या हुंबरळीहून नोंदला गेला होता. झॅन्थोफ्राइन या प्रजातीत (जीनस) भेक एवढे दोनच, आणि दोन्ही सह्याद्रीतले.

विणीच्या वेळी नर खळग्यापाशी साद घालतात. मादी आली की नर तिच्या पाठीवर चढून पुढच्या पायांनी घट्ट मिठी मारतो. ती अंडी सोडते तशी तो ती फळवतो. आपल्या परसातला भेक हजारोंनी अंडी घालतो. हा घालतो मोजकीच, आणि तीही लख्ख ऊन पडलं तर आटून जाईल अशा पाण्यात! ही जोखीम कशासाठी? तळ्या-ओढ्यांत मासे आणि पाणकिडे टपलेले असतात. नुकत्याच भरलेल्या खळग्यात मासा पोहोचत नाही, बाकीचे शत्रूही थोडेच. उथळ पाणी लवकर उबदार होतं, त्यामुळे टॅडपोलही, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लंही, झपाट्यानं वाढतात. पावसानं ओढ दिली तर मात्र अख्खी वीण कातळावर सुकते.

याच डोंगरात दुसऱ्या बेडकांनी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. टॅडपोल त्यातून खाली पाण्यात पडतात. झुडपी बेडकांनी तर टॅडपोलची अवस्थाच गाळली आहे. त्यांच्या अंड्यातून थेट इवला बेडूक निघतो.

आययूसीएनच्या लाल यादीत आंबोली टोड 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्याचं ठाऊक असलेलं घर आंबोलीच्या परिसरापुरतं, आणि त्याची पाळणाघरं म्हणजे ज्यांना आपण डबकं म्हणून ओलांडतो, बऱ्याचदा तुडवतोही, ते खळगे. विणीच्या रात्री रस्ता ओलांडणारे भेक गाड्यांखाली चिरडले जातात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे मरण सहज टळण्यासारखं आहे.

पाहायला जरूर जा. वन विभागाला विचारून, स्थानिक जाणकाराला सोबत घेऊन. बेडकांच्या कातडीला जडणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे, म्हणून आधीच्या जागेचा चिखल लागलेले बूट धुऊन, वाळवूनच सड्यावर चढा. टॉर्च मंद ठेवा, हात लावू नका, जोडी दिसली तर फ्लॅश मारू नका. खळग्यात पाय घालू नका. आणि पहिल्या पावसाच्या रात्री आंबोलीतून जात असाल, तर गाडी हळू हाका.