हललेल्या फोटोतली सही

दिवाळीत गॅलरीतल्या विजेच्या माळेचा फोटो काढला आणि तो हलला. डिलीट करण्याआधी बोटांनी मोठा करून पाहिला आणि पाहतच राहिले. एकाही दिव्याचा ठिपका उरला नव्हता. प्रत्येकाची वेलांटी झाली होती. आधी वर चढलेली रेघ, मग बारीकसा हिसका, मग खाली उतरण. आणि सगळ्या वेलांट्या हुबेहूब एकसारख्या! शटर उघडं होतं तेवढ्या पाव सेकंदात माझा हात कसा थरथरला, ते माळेतल्या प्रत्येक दिव्याने गिरवून ठेवलं होतं.

तेव्हापासून बिघडलेला फोटो मी आधी वाचते. चित्रभर एकाच दिशेची ओढ असेल, तर हात हललाय. भिंत, कुंड्या लख्ख आणि धावणारं पोर तेवढं पुसट, तर पोर हललंय. दिव्यांच्या गोल टिकल्या झाल्यात आणि मागचा पडदा रेखीव आलाय, तर फोकस चुकलाय. सगळंच दुधाळ दिसतंय, तर लेन्सवर बोटाचा तेलकट डाग आहे. मऊ फडक्याने पुसला की झालं.

पोर हलतं म्हणजे किती? सेकंदाला ३ मीटर पळतंय असं धरा. शटर १/६० सेकंद उघडलं तर तेवढ्यात ते ५ सेंटीमीटर सरकतं, म्हणजे जवळजवळ एका डोळ्याच्या जागी दुसरा डोळा येतो! १/१००० सेकंदात मात्र जेमतेम ३ मिलिमीटर. हाताच्या थरथरीसाठी फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे: लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर शटर निदान १/२०० सेकंद ठेवायचं. अंधारात ते जमत नाही. मग कोपर बरगड्यांना टेकवा, भिंतीला रेला, किंवा कॅमेरा कठड्यावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही.

आणि शटर काही मिनिटं उघडंच राहिलं तर? १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या बूलवार द्यु ताँप्ल या रस्त्याचं खिडकीतून छायाचित्र घेतलं. भरदिवसाचा वाहता रस्ता, पण चित्रात निर्मनुष्य. घोडागाड्या, पादचारी इतके पसरले की त्यांची पुसट रेघसुद्धा उरली नाही. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस दिसतो, बहुधा छायाचित्रात उमटलेला पहिलाच. तो बूट पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून उभा होता.