भेग काय सांगते

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. पूर ओसरला की गाळ उपसायचा, भिंती धुवायच्या, वाळल्या की रंग काढायचा, हे नदीकाठच्या घरांना आता सवयीचं झालंय. मग एखाद्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर सरकताना दिसते. गवंडी येतो, सिमेंट भरतो, वरून पुट्टी मारतो. पुढच्या मे महिन्यात भेग त्याच जागी हजर!

गवंडी कामचुकार असतोच असं नाही. दुखणं बहुतेक वेळा भिंतीखालच्या मातीत असतं. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याच मातीवर घर बांधताना मात्र तो ते विसरतो. पायाचा एक कोपरा खचला, दुसरा जागेवर राहिला, की भिंत सगळ्यात कमकुवत जागी, म्हणजे दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तिरपी फाटते. अशा वेळी जाणता इंजिनिअर आधी घराबाहेर फिरतो. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी मुरतंय का, सांडपाण्याचा पाइप गळतोय का, भिंतीलगत मोठं झाड आहे का, ते बघतो. पुष्कळदा जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उताराचा पक्का पट्टा घालणं आणि पाणी लांब नेणं, एवढ्यावर काम भागतं. एरवी पाया मुरुमापर्यंत नेण्याचा खर्च येतो.

साताऱ्याकडची गोष्ट वेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं आणि सुमारे १८० माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत स्थिर मानलं जाई. घरं पडली ती मुख्यतः दगड-मातीची. अशा जाड भिंतीला आत-बाहेर दगडाचे दोन थर असतात आणि मधे भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसतील, तर हादऱ्यात थर सुटे होतात. म्हणून जुन्या वाड्याची भिंत तपासताना ओळंबा सोडतात. भिंतीला पोट आलेलं असेल तर ते दोरीपाशी लगेच कळतं.

खुद्द कोयना धरण उभं राहिलं, पण त्याला आडव्या भेगा पडल्या, आणि त्यांची जागा बोलकी होती. धरणाचा मागचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, तिथेच भेगा होत्या. उतार बदलतो तिथे ताण साचतो, हे त्या भेगांनीच दाखवून दिलं. भेगांत इपॉक्सी भरलं गेलं, पोलादी तारांचे ताण दिले गेले आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे धिरे उभारून धरण बळकट केलं गेलं.

आरसीसी इमारतींत वेगळाच रोग. स्लॅबच्या खालच्या अंगाला सरळ रेषेत भेग दिसली, की आतली सळई गंजली असं समजायचं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट उकलतो. हातोडीने ठोकल्यावर भरीव ‘ठक्’ आलं तर ठीक, पोकळ ‘भद्’ आलं तर खपली सुटलेली. पुढची चाचणी बघण्यासारखी असते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी झालं तो भाग निरोगी. रंगच आला नाही, आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचलेला असला, तर सळईचं कवच संपलं. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडूनही पारख होते: सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग उत्तम, तीनच्या खाली शंकास्पद. अशा स्लॅबला नुसता गिलावा मारणं म्हणजे दुखणं झाकणं. खपली फोडून, सळई घासून, झिजली असेल तिथे जोड देऊनच नवा थर चढवावा लागतो.

महानगरपालिका हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत उठलेली अपार्टमेंटं आता त्या वयात आली आहेत. अहवालात ‘सी-१’ आलं तर इमारत रिकामी करून पाडायची, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सोसायटीच्या सभेत सगळा वाद मधल्या ‘सी-२’च्या दोन वर्गांवर होतो.

भेगेबद्दल मात्र घाई चालत नाही. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितात, मधोमध काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी तडकली तर भेग अजून जिवंत आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती तशीच ठेवायची. घरी पाहुणे येतात आणि भिंतीवर हे काय चिकटवलंय, असं विचारतात.