घोड्याच्या वाटेवर वीज

इंग्लंडमध्ये कुणी स्वतःसाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, बांधून घ्यायला गेलं, तर रंग, खिडक्या, स्वयंपाकघर, पलंगाची दिशा हे सगळं त्याच्या मनासारखं होतं. रुंदीचं मात्र तो काही ठरवू शकत नाही. ती १७६६ मध्येच ठरून गेली आहे.

त्या वर्षी जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचं काम सुरू केलं. वाटेत हेअरकासलची टेकडी होती आणि ती पोखरून बोगदा काढायचा होता. बोगदा जितका रुंद, तितका खर्च जास्त. शिवाय लॉक म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारं-उतरवणारं दरवाजांचं कुंड. ते रुंद केलं की प्रत्येक बोटीमागे जास्त पाणी खाली वाहून जातं. ब्रिंडलीने लॉकची रुंदी सुमारे सात फूट आणि लांबी सुमारे बहात्तर फूट धरली. इंग्लंडच्या मध्यभागातले पुढचे बरेच कालवे याच मापाने खोदले गेले. म्हणून आजही नॅरोबोट सहा फूट दहा इंच रुंद असते. उत्तरेकडच्या काही कालव्यांवरचे लॉक मात्र लांबीला आखूड आहेत. त्यामुळे देशभर कुठेही फिरता यावं असं ज्याला वाटतं, तो सहसा सत्तावन्न फुटांची बोट सांगतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या या हिशेबात आज मोटर, बॅटऱ्या, सौरपट्ट्या आणि आख्खं घर बसवायचं, हे विजेची नॅरोबोट बांधणाऱ्यांपुढचं काम आहे.

हे काम ऐकताना वाटतं तितकं उलटसुलट नाही. किंबहुना विजेला इतकी साजेशी जागा वाहतुकीच्या जगात क्वचितच सापडेल. कालवे खोदले गेले ते घोड्यासाठी. काठाने चालणारा एकच घोडा दोरखंडाने पंचवीस टनांहून जास्त कोळशाची बोट चालण्याच्या वेगाने ओढून नेई. तासन् तास काम करणाऱ्या घोड्याची शक्ती जेमतेम पाऊण किलोवॉट भरते. पाण्यावर सावकाश सरकणाऱ्या वजनाला इतकीच ताकद पुरते. घाई केली की मात्र हिशेब बिघडतो. पाणी कापायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी तीन मैलांवरून चार मैलांवर जायचं, तर दुपटीहून जास्त शक्ती लागते. त्यातून कालवा उथळ आणि अरुंद. वेग वाढला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, लाट उठते, काठ ढासळतो. कमाल मर्यादाच ताशी चार मैलांची आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून पुष्कळ हळू जायचं असतं.

तेलावर चालणारं इंजिन आलं ते १९१२ मध्ये. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मालवाहतूक कंपनीने ‘लिंडा’ नावाच्या बोटीत पंधरा अश्वशक्तीचं स्वीडिश बोलिंडर इंजिन बसवलं. आजच्या डिझेल नॅरोबोटीत साधारण चाळीस अश्वशक्तीचं, म्हणजे तीस किलोवॉटचं इंजिन असतं. शांत कालव्यावर त्यातले फार तर दोन-तीन किलोवॉट कामाला येतात. पुराच्या नदीत प्रवाहाविरुद्ध जाताना उरलेल्यांची गरज पडते. एरवी इंजिन आपल्या कुवतीच्या दहाव्या हिश्श्यावर तासन् तास धडधडत राहतं. डिझेल इंजिनाला असं रिकामं राबणं मानवत नाही. विजेच्या मोटरला त्याने काहीच फरक पडत नाही. लॉकच्या रांगेत बोट थांबली की मोटरही थांबते. आणि अगदी कमी फेऱ्यांवरसुद्धा ती पूर्ण जोर देते.

हेअरकासलच्या टेकडीने विजेचं काम फार पूर्वी पाहिलं आहे. ब्रिंडलीच्या बोगद्याशेजारी टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने १८२७ मध्ये दुसरा बोगदा पुरा केला. सव्वीसशे मीटरहून लांब अशा या अंधाऱ्या वाटेत १९१४ पासून विजेवर चालणारी ओढबोट काम करू लागली. तळाशी टाकलेल्या दोरखंडावर स्वतःला खेचत ती मागे बोटींची माळ घेऊन जायची. चाळीस वर्षं हे चाललं. बहुतेक बोटींना डिझेल इंजिनं आल्यावर १९५४ मध्ये ही ओढबोट बंद झाली, आणि धूर बाहेर काढायला बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी मोठे पंखे बसवावे लागले. विजेला काढून डिझेल आणलं आणि डिझेलचा धूर काढायला पुन्हा वीज लागली! पुढे २००१ मध्ये स्टँडएज हा ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवा-बोगदा पुन्हा खुला झाला, तेव्हाही सुरुवातीची काही वर्षं बोटी आत ओढून नेल्या त्या विजेच्याच ओढबोटींनी.

आता खुद्द बोटीकडे येऊ. नॅरोबोटीचा सांगाडा पोलादी असतो. बांधणाऱ्यांच्या बोलण्यात सतत ‘दहा-सहा-चार’ येतं: तळ दहा मिलिमीटर जाड, बाजू सहा, केबिन चार. सत्तावन्न फुटांची तयार बोट पंधरा-वीस टनांच्या घरात जाते. त्यात तळाशी मुद्दाम भरलेलं वजनही आलं. विटा, फरसबंदीच्या लाद्या, लोखंड यांचे काही टन टाकल्याशिवाय बोट पाण्यात नीट बसत नाही आणि पुलाखालून जाण्याइतकी खालीही उतरत नाही. मोटारगाडीत बॅटरीचं वजन शत्रू असतं. इथे ते विटांची जागा घेतं. म्हणूनच अनेकांनी फोर्कलिफ्टमधल्या शिशाच्या बॅटऱ्या निवडल्या. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. वजन टनभराहून जास्त, पण ते तसंही कुठून तरी आणायचंच असतं. अलीकडे कल लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांकडे आहे. त्या हलक्या असतात, लवकर भरतात, आणि साठवलेल्या विजेतला ऐंशी टक्क्यांहून मोठा वाटा खुशाल वापरता येतो. शिशाच्या बॅटरीला निम्म्याखाली वारंवार उतरवलं तर तिचं आयुष्य घटतं. लिथियमची अट एकच, पण इंग्लंडच्या हिवाळ्यात महत्त्वाची: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. बॅटऱ्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न म्हणून आराखड्याच्या पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो.

अठ्ठेचाळीस व्होल्ट आणि आठशे अँपिअर-तास अशी लिथियम बॅटरी धरली तर साठा अडतीस किलोवॉट-तासांचा होतो. कालव्यावर तीन किलोवॉटने चालायचं म्हटलं, तर थोडी वीज राखूनही दहा तासांचा प्रवास निघतो. मोटर साधारण दहा ते पंधरा किलोवॉटची, म्हणजे नदीसाठी हात राखून.

मोटर लहान असल्याने आणि हळू फिरत असल्याने पाण्याखालचा आकारही बदलता येतो. मागच्या टोकाकडे बोट जितकी लांब निमुळती होत जाईल, तितकं पाणी बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे (प्रोपेलरकडे) सुरळीत पोहोचतं. पंखा मोठ्या व्यासाचा आणि मंद फिरणारा घेतला की तीच वीज जास्त अंतर नेते. डिझेल बोटीत असला आकार ढिला असला तरी खपून जातो, कारण इंजिनाकडे शक्ती उरलेली असते. विजेच्या बोटीत तो बॅटरीच्या आकड्यात दिसतो. पैसे वाचवायचे तर फर्निचरमध्ये वाचवावेत, सांगाड्याच्या मागच्या निमुळत्या भागात कधीच वाचवू नयेत.

आणि मग छप्पर. नॅरोबोटीचं छप्पर ही जुनी, लाडकी जागा आहे. तिथे बांबू, फळी, कोळशाची पोती, सायकली, कुंड्या आणि गुलाब नि किल्ले रंगवलेला पाण्याचा डबा असतो. त्याच जागेवर सौरपट्ट्यांचा दावा आहे. सगळं छप्पर दिलं तर तीन किलोवॉटच्या आसपास पट्ट्या बसतात. जूनमध्ये त्या दिवसाला बारा-एक किलोवॉट-तास देतील, म्हणजे घरखर्च भागून दोन-तीन तासांचा प्रवास. डिसेंबरमध्ये सूर्य इतका खाली असतो की त्याच पट्ट्या जूनच्या दहाव्या हिश्श्याइतकंही देतील याचा भरवसा नाही. फ्रिज चालवला की फारसं काही उरत नाही.

इथे खरी अडचण कळते: बोट चालवणं सोपं आहे, तिच्यात राहणं कठीण. विजेची बोट घेणारे पुष्कळ जण गॅसचं सिलिंडरही काढून टाकतात. इंडक्शन शेगडी, विजेची भट्टी, वॉशिंग मशीन, गरम पाणी. या सगळ्याला रोजची वीज अनेकदा प्रवासाइतकीच लागते. घर उबदार ठेवणं तर बॅटरीच्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी लाकूड-कोळशाची शेगडी किंवा डिझेलचा हीटर राहतोच. म्हणून वूस्टरशरमध्ये ऑर्टोमरीनने किंवा शेफील्डमध्ये फिनेस बोट्सने बांधलेल्या अशा बोटींमध्ये सहसा एक लहान डिझेल जनरेटरही असतो. मोटर पंखा फिरवते, जनरेटर गरज पडेल तेव्हा बॅटरी भरतो. तो पूर्ण भारावर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो, त्यामुळे दिवसभर रेंगाळणाऱ्या इंजिनापेक्षा कमी डिझेल जाळतो. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीच्या इंजिनालाच मोटर जोडायची: शहरातून विजेवर जायचं, नदीत डिझेलवर. तो स्वस्त आहे. पण त्यात इंजिनाची जागा आणि देखभाल तशीच राहते, आणि विजेसाठी आकार सुधारण्याचं कारणही मागे पडतं.

खर्चाचं बोलायचं तर मन घट्ट करूनच. मनासारखी बांधून घेतलेली, आतून पूर्ण सजलेली सत्तावन्न-साठ फुटांची नॅरोबोट अलीकडच्या वर्षांत दीड ते अडीच लाख पौंडांत पडते, म्हणजे दीड कोटी रुपयांहून पुष्कळ वर. त्यात वीस टक्के व्हॅट असतो. डिझेलऐवजी वीज निवडली की मोटर, बॅटऱ्या, जनरेटर, सौरपट्ट्या आणि त्यांना जोडणारी यंत्रणा मिळून, इंजिनाची किंमत वजा जाता, साधारण वीस ते पस्तीस हजार पौंड जास्त मोजावे लागतात. हे पैसे इंधनातून परत येतील का? डिझेल नॅरोबोट तासाला दीड लिटरच्या आसपास पिते. वर्षात चारशे तास फिरणाऱ्याचं सहाशे लिटर डिझेल होतं, फार तर आठ-नऊशे पौंडांचं. ते सगळंच्या सगळं वाचलं तरी तीस हजार पौंड वसूल व्हायला तीस वर्षांहून जास्त लागतील, आणि तोवर बॅटऱ्या एकदा तरी बदलाव्या लागतील. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने विजेच्या बोटींना परवाना शुल्कात पंचवीस टक्के सवलत ठेवली. तिने हा हिशेब थोडा हलतो, उलटत नाही. वीज स्वस्त पडते असं सांगून कुणी बोट विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग माणसं हे पैसे का घालतात? शांततेसाठी. डिझेल बोट मागच्या टोकाला उभं राहून चालवायची असते, म्हणजे सहसा चालवणाऱ्याच्या पायाखालीच इंजिन. सबंध दिवस तो आवाज, ती कंपनं आणि तो धूर. विजेच्या बोटीत चालवणारा पुढच्या माणसाशी बोलू शकतो, पक्षी ऐकू शकतो, वळणापलीकडून येणाऱ्या बोटीची चाहूल घेऊ शकतो. काठाला राहणाऱ्यांनाही तेवढाच फायदा. लंडनच्या इझलिंग्टनमध्ये रीजंट कालव्यालगतच्या रहिवाशांच्या धुराविषयी तक्रारी होत्या. तिथे नगरपालिका आणि ट्रस्टने मिळून बोटींसाठी काठावर विजेच्या जोडण्या बसवल्या.

अशा जोडण्या अजून फार थोड्या आहेत. ट्रस्टकडे सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग आहेत आणि त्यांवर हजारो बोटी. जलमार्गांच्या जतनासाठी झटणारी जुनी संस्था, १९४६ मध्ये स्थापन झालेली इनलँड वॉटरवेज असोसिएशन, हिने मांडलेला अंदाज असा की देशभर सुमारे तीनशे चार्जिंग केंद्रं उभारली, तर कुठलीही बोट चार्जिंगपासून पाच तासांच्या प्रवासात राहील. रस्त्यांवरच्या मोटारींसाठी जे चाललं आहे, त्याच्या तुलनेत ही मागणी अगदी किरकोळ आहे. सरकारने २०१९ च्या सागरी आराखड्यात नव्या बोटींकडून शून्य उत्सर्जनाच्या क्षमतेची अपेक्षा धरली. काठावर प्लग देण्याची जबाबदारी मात्र तितक्या स्पष्टपणे कुणी घेतलेली नाही. ती घेतली गेली, तर बोटीतला जनरेटर आणि त्याचे आठ-दहा हजार पौंड दोन्ही वाचतील. विजेची बोट कशी रुळू शकते, हे वेल्समधल्या मॉनमथशर अँड ब्रेकन कालव्यावर लहान प्रमाणात दिसतं. हा कालवा बाकीच्या जाळ्यापासून तुटलेला, लांबीला जेमतेम पस्तीस मैल, लॉक मोजके. आणि तिथे विजेच्या नॅरोबोटी सुट्टीसाठी भाड्याने दिल्या गेल्या आहेत.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी कुणी निवृत्तीनंतर अशी बोट बांधून घेण्याचा विचार करत असेल, तर त्याने दोन गोष्टी पाळाव्यात. बांधणारे बहुतेक छोटे कारखानदार असतात, काम वर्ष-दीड वर्ष चालतं आणि पैसे टप्प्याटप्प्याने आगाऊ द्यावे लागतात. मधेच कारखाना बुडाला तर अर्धवट सांगाडा कुणाचा, हा वाद उभा राहतो. म्हणून दिलेल्या प्रत्येक हप्त्याबरोबर तेवढ्या कामाची आणि सामानाची मालकी आपल्या नावे होईल, असं करारात लिहून घ्यावं. आणि सही करण्याआधी विजेची बोट आठवडाभर भाड्याने घेऊन तिच्यात राहून पाहावं. जमलं तर जूनमध्ये नको. हंगामाच्या अगदी सुरुवातीला, थंडी आणि ढग असताना.