स्वस्त संगणक : उपयोग आणि न दिसणारा खर्च

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातील दलित तरुणांना ज्ञानाचे दार उघडून दिले. आज त्या दाराची एक किल्ली संगणक आहे. विहारातील अभ्यासिकेसाठी संगणक घ्यावा, अशी तरुणांची रास्त मागणी असते आणि तेव्हा 'रास्पबेरी पाय' या स्वस्त संगणकाचे नाव हमखास निघते. म्हणून त्याची दोन्ही अंगे समजून घेणे अगत्याचे आहे.

हा तळहाताएवढा, एकाच बोर्डवर बसविलेला संगणक इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका संस्थेने मुलांना संगणकशास्त्र शिकता यावे म्हणून काढला. २०१२ साली त्याची किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,७०० रुपये होती. २०१५ साली तर ५ डॉलरचा लहान नमुना आला.

परंतु ही किंमत नुसत्या बोर्डची! मेमरी कार्ड, वीजपुरवठ्याचा अॅडॅप्टर, कीबोर्ड, माऊस, पडदा, वायरी आणि डबी वेगळी घ्यावी लागते. त्यावर आयात शुल्क व कर. २०२१-२२ च्या चिप टंचाईत तर हाच बोर्ड काही विक्रेत्यांनी कितीतरी पट भावाने विकला. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत २००७ साली मुलांना छोटे लॅपटॉप मिळाले. जगभर 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेले ते यंत्र प्रत्यक्षात १९० डॉलरच्या आसपास गेले होते.

दुसरा खर्च विजेचा नव्हे, वीज जाण्याचा आहे. बोर्ड पाच-सात वॅटवर चालतो. रोज दहा तास चालविला तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास वीज लागते. मात्र लिहिणे चालू असताना अचानक वीज गेली की कार्डावरील माहिती बिघडू शकते. भारनियमनाच्या गावात बॅटरी आणि तयार नक्कल केलेले दुसरे कार्ड हवेच.

तिसरा खर्च माणसाचा. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. यंत्र चालविणारा एकच जाणता मुलगा असेल आणि तोही गेला, तर यंत्र चार-पाच महिने धूळ खात पडते. म्हणून निदान तिघांना, त्यांत एका मुलीला, ते शिकविले पाहिजे.

मग हा संगणक घेऊच नये काय? तसे नाही. प्रत्येक मुलासाठी एक घेण्यापेक्षा सर्वांसाठी एक घ्यावा. 'किविक्स' या विनामूल्य प्रणालीने त्यावर संपूर्ण मराठी विकिपीडिया साठविता येतो. अभ्यासिकेत बसलेली मुले इंटरनेटशिवाय आपापल्या मोबाईलवर तो वाचू शकतात. अशा वेळी पडदा, कीबोर्ड रोज लागत नाहीत आणि खर्च खरोखर आटोक्यात राहतो. टंकलेखन व नोकरीचे अर्ज यांसाठी मात्र जुना, दुरुस्त होणारा संगणक पुष्कळदा अधिक सोयीचा. कारण या बोर्डवरील स्मृती पुढे वाढविता येत नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. संस्थेचा पैसा मजुरांच्या घामातून आलेले दान आहे. बोर्डची नव्हे, तर तीन वर्षांची संपूर्ण किंमत सभेपुढे मांडूनच निर्णय व्हावा, ही नम्र अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!