बर्फावरचे खेळ पाहताना नेमके काय पाहावे?

हिवाळी ऑलिम्पिक सुरू झाले की टीव्हीवर जिकडेतिकडे बर्फ दिसू लागतो. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर मनालीच्या सहलीत. त्यामुळे पाच मिनिटे पाहून आपण चॅनल बदलतो. 'यातले काही कळत नाही' आणि 'आपले कोणी खेळतही नाही', ही दोन कारणे घरोघरी ऐकू येतात. पहिले कारण थोड्याशा माहितीने दूर होते. दुसरे तर खरेच नाही.

कर्लिंगपासून सुरुवात

ज्याला कॅरम समजतो, त्याला कर्लिंग निम्मे समजलेच. सुमारे 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवून समोरच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायचा. संघात चौघे, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून 16 दगड टाकले की एक फेरी संपते. गुण एकाच संघाला मिळतात: ज्याचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, त्याला. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहून आत त्याचे जितके दगड, तितके गुण. म्हणून फेरीतला शेवटचा दगड कोणाचा आहे, याकडे आधी लक्ष द्यावे. दगडापुढे ब्रश घासणारे खेळाडू पाहून घरात हमखास हसू येते. पण घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते आणि दगड अधिक दूर व सरळ जातो.

बायथलॉन: धाप आणि नेम

यात स्कीवरून दमछाक करत यायचे आणि लगेच पाठीवरची रायफल काढून 50 मीटरवरची पाच लक्ष्ये टिपायची. झोपून नेम धरताना लक्ष्य 45 मिलिमीटरचे, उभ्याने 115 मिलिमीटरचे. बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकलेल्या नेमामागे सुमारे 150 मीटरचा जादा फेरा मारावा लागतो. त्यामुळे सर्वांत पुढे असलेला खेळाडू अर्ध्या मिनिटात मागे पडतो. रायफल हातात घेतल्यावर त्याची छाती कशी वरखाली होते, ते पाहा. सगळी शर्यत तिथे ठरते.

ल्यूज आणि आपला शिव केशवन

ल्यूजमध्ये छोट्या घसरगाडीवर उताणे झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या वळणदार मार्गावरून खाली यायचे. वेग ताशी 130 किलोमीटरच्या आसपास, गाडीला ब्रेक नाही, आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

याच खेळात मनालीजवळचा शिव केशवन 1998 ते 2018 अशी सलग सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला. आपल्या देशात असा मार्ग नसल्याने तो गाडीला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव करी. 2014 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती. त्यामुळे सोची येथे त्याला तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली उतरावे लागले. त्याची शर्यत झाल्यावर दोनच दिवसांनी निलंबन उठले. पुढे 2022 च्या बीजिंग स्पर्धेत काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो 45 वा आला. त्या दिवशी हिमवर्षावात अनेकांना शर्यत पुरी करता आली नव्हती, हे कळले की 45 या आकड्याचे मोल वेगळे वाटते.

कधी पाहावे?

ऑलिम्पिक चार वर्षांनी येते, पण विश्वचषकाच्या फेऱ्या दर हिवाळ्यात युरोपात होतात. तेव्हा इटली, ऑस्ट्रियात दुपारचे दोन वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. म्हणजे जागरणाची गरज नाही. दिवेलागणीला आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून पाहू शकतात. एका वेळी एकच खेळ निवडावा आणि पदकवाटप झाल्यावर लगेच टीव्ही बंद करू नये. शेवटून येणाऱ्यांत एखादे वेळी आपल्याच देशाचे नाव असते.